पाटा वाढवण्याआधी: हायवेवर डोलणारी पिकअप ताळ्यावर कशी आणायची

नागपुरात कुठल्याही मिस्त्रीला सांगून पाहा की पिकअप सत्तर-ऐंशीच्या वेगाला डोलते, पूल उतरला की नाक वर-खाली करत राहते, स्टेअरिंग हलकं लागतं. बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "ताई, मागं एक पाटा वाढवून टाकू. गाडी टाइट होऊन जाते."

पाटा, म्हणजे मागच्या स्प्रिंगमधली पोलादी पट्टी, वाढवू नका. निदान खालच्या गोष्टी तपासून होईपर्यंत तरी नका.

मी काटोलकडच्या आमच्या बागेतली संत्री नागपूरच्या कळमना बाजारात आणते, आणि आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की काही माल समृद्धी महामार्गावरून संभाजीनगरकडे नेते. गाडी डबल कॅब, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. आज बाजारातल्या बऱ्याच पिकअपची रचना अशीच आहे. गाडी डोलली की मला दोन काळज्या असतात. एक म्हणजे गाडी हातात राहत नाही. दुसरी, क्रेटमधलं तळाचं फळ प्रत्येक उसळीला दाबलं जातं. संत्र्याची साल वरून धड दिसते, पण दोन दिवसांनी तेच फळ मऊ पडतं आणि भाव तिथेच मोडतो.

आधी कोणाचं काम काय ते पक्कं करू. पाटा आणि स्प्रिंग वजन झेलतात. खड्ड्यात दाबले गेले की ते तेवढ्याच जोराने परत उसळतात. ती उसळी मारण्याचं काम शॉकअपचं. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलत तो हालचालीची ताकद उष्णतेत घालवतो, म्हणून लांब प्रवासानंतर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो. आता शॉकअप थकलेला असताना तुम्ही पाटा वाढवला, तर उसळी आणखी जोरात येणार आणि तिला थांबवणारा मात्र तोच थकलेला. भरलेली गाडी कदाचित थोडी बरी वाटेल. रिकामी गाडी मागून उडायला लागेल.

डोलणं हायवेवरच का जाणवतं, गावातल्या रस्त्यावर का नाही? ऐंशीच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण 22 मीटर जाते. गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर स्वतःच्या लयीत सेकंदाला एक-दीड वेळा वर-खाली होतो. म्हणजे रस्त्यावरचा उतार-चढाव 15-20 मीटर लांबीचा असेल, तर प्रत्येक धक्का गाडीच्या लयीवरच बसतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिला की तो वाढतच जातो, तसं. पुलाच्या दोन्ही टोकांना भराव दबून असेच लांब झोल तयार होतात. काँक्रीटच्या जोडावरचा टक-टक आवाज वेगळा. तो चाकाचा आणि टायरचा मामला आहे, त्याला डोलणं म्हणू नका. मिस्त्रीला सांगताना हे दोन्ही वेगळे सांगितले, तर निम्मं काम तिथेच होतं.

म्हणून आधी एकदा लक्ष देऊन चालवा. वाडी सोडून अमरावती रोडला लागलात की बाजारगाव, कोंढाळीपर्यंत पुरेसे पूल मिळतात. रेडिओ बंद. पूल उतरल्यावर नाक किती वेळा वर-खाली होतं ते मोजा. एकदा खाली जाऊन वर आलं आणि बसलं, तर शॉकअप जिवंत आहे. दोन-तीन हेलकावे खाल्ले तर नाही. वेग दहाने कमी केल्यावर स्टेअरिंगची थरथर गेली, तर ते चाकाचं बॅलन्सिंग आहे, सस्पेन्शन नव्हे. गाडी सरळ रस्त्यावर डावी-उजवीकडे भटकते आणि तुम्हाला सारखं स्टेअरिंग सावरावं लागतं, तर अलाइनमेंट (चाकांचे कोन), बुश (जोडांतलं रबर) किंवा स्टेअरिंगचे जोड बघायचे.

नंतर हवा. फुकटातलं काम आहे, म्हणूनच लोक टाळतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, मागच्या चाकांत फरक मोठा असतो. भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी चालवली की मागून टणाटण उडते. उलट केलं तर टायरची भिंत लचकते, गाडी वळणावर तरंगल्यासारखी वाटते आणि टायर तापतो. हवा सकाळी, गाडी हलण्याआधी तपासा. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर असताना दुपारी धावलेल्या टायरमध्ये आकडा चढलेलाच दिसणार. तो बघून हवा सोडू नका, रात्री थंड झाल्यावर ती कमी पडेल.

टायर बदलला असेल तर तोही संशयित आहे. पिकअपला मऊ भिंतीचे, कारच्या जातीचे टायर बसवले की स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी थोडी उशिरा वळते. टायरच्या बाजूवर वजनाचा आकडा असतो: 112 म्हणजे एका टायरवर 1120 किलो, 121 म्हणजे 1450 किलो. मूळ टायरच्या आकड्याखाली जाऊ नका. तिथेच चार आकड्यांची तारीख असते. 2322 असेल तर 2022 सालचा 23 वा आठवडा.

आता वजन कुठे ठेवता ते. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आमच्या भागात कितीतरी पिकअप केवळ यामुळे डोलतात आणि दोष शॉकअपला जातो. समजा दोन्ही एक्सलमधलं अंतर 3 मीटर आहे. मागच्या एक्सलच्या 1 मीटर मागे, म्हणजे जवळपास फाळक्याला टेकवून, तुम्ही 300 किलो ठेवलेत. तर मागच्या एक्सलवर 300 नाही, 400 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून 100 किलो उचलले जातात. पुढचा टायर रस्त्याला कमी दाबला की स्टेअरिंग हलकं होणारच, ब्रेकलाही पुढचा जोर कमी पडणार. तेच 300 किलो केबिनला चिकटवून ठेवले, तर काही भार पुढच्या चाकांवर येतो आणि गाडी जमिनीला धरून राहते.

आमच्याकडे क्रेट साधारण 20 किलोचा. पंधरा क्रेट झाले की 300 किलो. हमाल नेहमी फाळक्यापासून रचायला सुरुवात करतात, कारण उतरवायला सोपं जातं. त्यांना सांगा, आधी केबिनकडून, दोन्ही बाजूंनी सारखं, आणि उंच थप्पी लावायची असेल तर तीही केबिनकडेच. फाळक्याकडे जागा उरली तर उरू द्या. ताडपत्री घट्ट ओढून बांधा, फुगू देऊ नका. समृद्धीवर दोन्ही बाजूंना मोकळं रान आहे, आडवा वारा आला की फुगलेली ताडपत्री गाडीला बाजूला ढकलते. आणि एकदा वजनकाट्यावर गाडी चढवून पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलून घ्या. रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा. हे आकडे तुमच्याकडे असले की मिस्त्रीशी बोलणं एकदम बदलतं.

एवढं करूनही डोलत असेल तर गाडीखाली वाका. शॉकअपच्या नळीवर तेलाचा पातळ ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली धूळ चालते. तेलाचा ओघळ चालत नाही. बंपरचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा कारला बरी आहे. पिकअपचे मागचे पाटे हाताने दबतच नाहीत, त्यामुळे तिथे या परीक्षेवर विसंबू नका. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे लागत असतील, तर चाक रस्त्यावर उड्या मारत आलंय आणि शॉकअप त्याला धरून ठेवत नाही.

नवे घेताना दोन्ही पुढचे एकत्र, दोन्ही मागचे एकत्र. एकच बदलला तर एक बाजू लवकर थांबते आणि दुसरी डोलत राहते. साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये लांब खराब रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि पकड सुटते. गॅसवाल्यात नायट्रोजनच्या दाबामुळे फेस कमी होतो. मोनोट्यूबमध्ये गॅस आणि तेल वेगळंच ठेवलेलं असतं, तो तापूनही टिकतो, पण महाग आणि रिकाम्या गाडीत थोडा कडक. माझ्यासारखं अर्धं काम भरून आणि अर्धं रिकामं असेल, तर चांगले गॅसचे ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेले) पुरतात. महागड्या शॉकअपचे पैसे वाचवून ते बुशमध्ये घाला. दुकानात सांगताना "पिकअपचे द्या" एवढंच म्हणू नका, मॉडेल, साल, फोर-बाय-टू की फोर-बाय-फोर ते सांगा. लांबी चुकली की शॉकअप पूर्ण उघडल्यावर ओढला जातो किंवा आतच आपटतो.

बसवताना दोन गोष्टी तिथे उभं राहून करून घ्या. ट्विन-ट्यूब शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायचा, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. आणि पाट्याच्या, आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे कसायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर कसायचे. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. मिस्त्री "काही फरक पडत नाही" म्हणेल. पडतो.

बुश, शॅकल (पाट्याचं हलतं टोक धरणारी कडी), बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हे सगळं एका माणसाला स्टेअरिंग हलवायला बसवून, दुसऱ्याने खालून हात लावून पाहायचं. खडखड हाताला कळते. मग अलाइनमेंट. छापील कागद मागा, त्यात टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) बरोबर कॅस्टरही (स्टेअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) बघा. मागे ब्लॉक टाकून गाडी उंच केली असेल तर नाक खाली जातं, कॅस्टर कमी होतो आणि गाडी सरळ धरत नाही. असा ब्लॉक असेल तर काढून टाका.

पाटा वाढवणं कधी बरोबर असतं? कायदेशीर वजनातही मागचा एक्सल बंप स्टॉपला (वरच्या रबरी ठोकळ्याला) आपटत असेल, किंवा मागे पाण्याची टाकी, जनरेटर असं कायमचं ओझं असेल तेव्हा. त्याआधी सपाट जागी रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू बसलेली असेल तर पाटा थकलाय किंवा तुटलाय, त्याला नवा सेट लागतो. हातोड्याने वाक देऊन बसवलेला जुना पाटा पुन्हा बसतो. यू-बोल्ट मात्र उघडले की नवेच घाला, चारही नट आलटून-पालटून कसा, आणि 500 किलोमीटर झाल्यावर परत कसून घ्या.

शेवटचं वॉशिंग सेंटरचं. गाडी धुऊन झाली की पोरं विचारतात, "खालून डिझेल मारू का?" पाट्यांवर मारू देऊ नका. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानेही उसळी थोडी मरते. तेल लागलं की तो आधार जातो, आणि डिझेलने बुशचं रबर फुगून मऊ पडतं. पाटे कुरकुरत असतील तर त्यांच्या टोकांमधले पॅड बघा, ते झिजलेले असतात आणि स्वस्तात मिळतात.