अक्कलदाढ काढल्यावर थुंकू नका, आणि बाकीच्या चुका

अक्कलदाढ काढायला खुर्चीत बसलेला माणूस घाबरतो तो इंजेक्शनला आणि पकडीला. भूल नीट चढली की दाब जाणवतो, कुरकुर आवाज येतो, पण दुखत नाही. हाडात रुतलेली आडवी दाढसुद्धा बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात बाहेर येते. बिघडतं ते पुढच्या चार दिवसांत, आणि ते बहुतेक वेळा घरीच बिघडवलं जातं. नाशिकरोडपासून म्हसरूळपर्यंत कुठल्याही दातांच्या दवाखान्यात रात्री साडेनऊला येणारे फोन ऐका. तेच चार-पाच प्रश्न, तेच घोळ.

थुंकणं

हा सगळ्यात मोठा घोळ. दाढ निघाल्यावर जो खड्डा राहतो, त्यात रक्त भरतं आणि गोठतं. जांभळाच्या गरासारखी गडद, थलथलीत गुठळी तयार होते. ही गुठळी म्हणजे त्या जखमेचं बूच. तिच्या खाली हाड उघडं असतं, आणि नवी हिरडी, नवं हाड याच गुठळीच्या आधाराने भरत येतं. आता माणूस काय करतो? तोंडात खारट चव आली की थुंकतो. थुंकताना गाल आत ओढले जातात, तोंडात खेच तयार होते आणि ती गुठळी हलते. हलली की पुन्हा रक्त येतं, आणि रक्त आलं की माणूस आणखी थुंकतो. गंगापूर रोडवरून गाडी चालवत दर सिग्नलला रस्त्याच्या कडेला लाल पिचकारी टाकत गेलेला पेशंट घरी पोचेपर्यंत घाबराघुबरा झालेला असतो. त्यात नवल काही नाही.

लक्षात ठेवा, लाळेत दोन थेंब रक्त मिसळलं तरी सगळी लाळ लाल दिसते. पहिल्या दिवशी गुलाबी लाळ येणं ठरलेलंच आहे. ती गिळा. हो, गिळाच. किळस वाटत असेल तर तोंड उघडून बेसिनवर वाका, लाळ आपोआप गळू द्या, पण जोर लावू नका. स्ट्रॉने ताक पिणं, शहाळं ओढणं हीही तीच खेच. चार-पाच दिवस पेला आणि चमचा.

गॉजचंही तसंच. चावायला दिलेली घडी अंगठ्याएवढी जाड हवी आणि ती नेमकी खड्ड्यावर बसायला हवी. अनेकांची घडी सरकून जिभेखाली जाते किंवा पुढच्या दातांमध्ये येते. मग दाब पडतो भलतीकडेच आणि माणूस म्हणतो, ‘चावलंय की!’ घड्याळ लावून ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावायचं. मध्ये बोलायचं नाही, फोन उचलायचा नाही, आरशात डोकावायचं नाही. दर पाच मिनिटांनी काढून ‘थांबलं का’ बघणारा माणूस प्रत्येक वेळी गुठळीचा पापुद्रा ओढून काढत असतो. घरी पुन्हा रक्त सुरू झालं तर ताठ बसा, स्वच्छ गॉजची घडी उकळून गार केलेल्या पाण्यात जराशी ओली करा म्हणजे ती जखमेला चिकटत नाही, आणि पुन्हा सलग अर्धा तास दाबा. गॉज संपलं असेल तर भिजवून पिळलेली चहाची टी-बॅग चालते. चहातल्या टॅनिनने रक्त आवळायला मदत होते. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत राहतात.

रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. उशीवर जुना टॉवेल टाका, नाहीतर सकाळी घरातल्यांची धावपळ.

तंबाखू ‘दुसऱ्या बाजूला’

सातपूरच्या एमआयडीसीतला पंचविशीचा मशीन ऑपरेटर. खालची डावी दाढ, पुढच्या दाढेवर डोकं टेकून आडवी पडलेली. मंगळवारी सकाळी काढली, तीन टाके घातले. कागदावर लिहून दिलं आणि तोंडीही सांगितलं: तंबाखू, विडी, सिगारेट बंद. गुरुवारी गडी एकदम ठणठणीत, सूज उतरणीला. शुक्रवारी संध्याकाळी ठणका सुरू झाला तो कानापर्यंत आणि कानशिलापर्यंत. मेडिकलमधून आधी दिलेलीच पेनकिलर आणखी आणली, ती चालेना. मग ओळखीने एक ‘जोरदार’ अँटिबायोटिक आणलं, तेही चालेना. शनिवारी सकाळी खुर्चीत आला. तोंड उघडताच कुजका वास. खड्ड्यात गुठळी नाही, आत करडं-पांढरं कोरडं हाड उघडं, त्यात अडकलेले भाताचे कण.

तंबाखू खाल्ली का? ‘खाल्ली, पण उजव्या बाजूला धरली होती.’

हे वाक्य दातांच्या डॉक्टरांना झोपेतही ऐकू येत असावं. निकोटिन रक्तातून फिरतं. ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि डाव्या-उजव्याचा भेद करत नाही. शिवाय तंबाखू धरली की लाळ सुटते, लाळ सुटली की पिचकारी आलीच. सिगारेट, विडीच्या झुरक्यात तर खेच, उष्णता आणि धूर तिन्ही एकदम. मिसरी लावणाऱ्या बायकांनाही हेच लागू आहे. ‘ती काय तंबाखू थोडीच’ म्हणणाऱ्यांनी डब्यात काय असतं ते एकदा बघावं. ती भाजलेली तंबाखूच असते.

गुठळी जाऊन हाड असं उघडं पडतं, याला ड्राय सॉकेट म्हणतात. साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उमटतं आणि ओळखायची खूण एकच: दुखणं कमी होत होतं ते अचानक वाढलं. हा पू नाही, म्हणून अँटिबायोटिकने फरक पडत नाही. सलाईनने खड्डा धुवायचा, आत लवंगेतल्या युजेनॉलची औषधी पट्टी ठेवायची, एक-दोन दिवसांनी बदलायची. पट्टी आत गेल्यावर थोड्याच वेळात ठणका ओसरतो. आपल्या ऑपरेटरला तीन पट्ट्या लागल्या आणि दहा दिवस मोडले. नाइट शिफ्ट बुडाली ती वेगळीच. नियम साधा ठेवा: किमान तीन दिवस तंबाखूचं नाव नाही, आणि खरं म्हणजे टाके निघेपर्यंत नाही. ‘एकच ओढली’ ही सूट कुणी देऊ नये. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी हा धोका थोडा वाढतो. डॉक्टरांना तसं सांगा.

आधीच्या चुका

‘ऑपरेशन’ म्हटल्यावर लोक उपाशीपोटी येतात. तोंडात भूल देऊन दाढ काढायची असेल तर पोटभर नाश्ता करून या. उपाशी पोट, भीती आणि इंजेक्शन एकत्र आले की घाम फुटून माणूस खुर्चीतच चक्कर येऊन पडतो. मधुमेह असेल तर नेहमीची गोळी आणि नेहमीचं खाणं, दोन्ही वेळेवर. संपूर्ण भूल द्यायची असेल तेव्हाच सहा तास अन्न बंद, आणि ते तुम्हाला वेगळं सांगितलं जातं. चतुर्थीच्या किंवा श्रावण सोमवारच्या दिवशी वेळ घेऊ नका. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचं असेल तर त्या आठवड्यात दाढ काढायचा हट्टही नको. चढ चढताना रक्तदाब वाढतो आणि जखम पुन्हा वाहू लागते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, स्वतःच्या मनाने बंद करून येणारे पराक्रमी कमी नाहीत. हिरडीतून रक्त आलं तर दाबून, टाके घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते काम दाताच्या दवाखान्यातलं नाही. गोळी चालू ठेवायची की नाही हे तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी सांगायचं. वॉरफॅरिनवर असाल तर ताजा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा रिपोर्ट, घेऊन या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ॲलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते आधी सांगा, विचारायची वाट बघू नका. त्यात जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

एक्स-रेवर पैसे वाचवणं हीसुद्धा चूकच. छोट्या फिल्ममध्ये खालच्या अक्कलदाढेचं मूळ पूर्ण येत नाही. ओपीजी काढा, पूर्ण जबडा दिसतो. खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला जाणारी नस याच मुळांच्या खालून जाते. ओपीजीत मूळ नसेवर आलेलं दिसलं, नसेच्या नळीची पांढरी रेघ तुटलेली दिसली किंवा मूळ तिथे काळपट झालं, तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करून घ्यावा आणि दाढ ओरल सर्जनकडूनच काढावी. तिथे कधी कधी दाढेचं डोकं कापून काढतात आणि मुळं मुद्दाम ठेवतात. ते अर्धवट काम नव्हे, नस वाचवायचा तो मार्ग आहे. खर्च झेपत नसेल तर पंचवटीत डेंटल कॉलेज आहे. तिथे रांग लागते, शिकणारी मुलंही असतात, पण त्यांच्या मागे शिकवणारे उभे असतात. घाईच्या माणसाला ते पटत नाही.

आणि प्रत्येक अक्कलदाढ काढायची नसते. सरळ आलेली, समोरच्या दाढेशी चावणारी, ब्रश पोचतो अशी दाढ राहू द्या. मात्र दाढेवरची हिरडी वर्षात दोन-तीनदा सुजते, किंवा पुढच्या दाढेच्या मागच्या बाजूला कीड लागायला लागली, तर दर वेळी अँटिबायोटिक खाऊन वेळ मारून नेणं थांबवा. विशीच्या आसपास मुळं अनेकदा पुरती बनलेली नसतात, हाडही लवचिक असतं. तीच दाढ चाळिशीत काढायला त्रास जास्त आणि भरायला वेळ जास्त.

वरची दाढ काढली की नजर जाते? नाही जात. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. अक्कल जाते का, याचं उत्तर घरच्यांनी द्यावं.

शेक, लवंगतेल आणि चुलतसासूबाईंचे उपाय

गाल सुजला की घरातलं कुणीतरी तव्यावर मीठ तापवून पुरचुंडी आणतंच. पहिल्या २४ तासांत शेक म्हणजे सुजेला आमंत्रण. पहिल्या दिवशी बर्फ, तोही रुमालात गुंडाळून: १५ मिनिटं लावा, १५ मिनिटं काढा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, हे आधीच माहीत असलं की जीव घाबरत नाही. गरम शेक चालेल, पण दोन दिवसांनंतर आणि फक्त जबडा आखडला असेल तर. आत पू असताना बाहेरून शेकलं तर तो गालाच्या कातडीकडे वाट काढू शकतो आणि मग व्रण आयुष्यभराचा.

लवंगतेलाचा बोळा ताज्या जखमेत कोंबू नका. हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी चुरडून दाढेवर ठेवणं तर त्याहून वाईट: पांढरा चट्टा पडतो आणि रक्तही वाढतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्ड्यावर पिवळसर पांढरा थर दिसतो. मोबाइलचा टॉर्च लावून बघणारे त्याला पू समजतात आणि इअरबडने, टूथपिकने खरवडतात. तो पू नाही, तो जखमेचा नैसर्गिक पापुद्रा आहे. वास नाही, ठणका नाही, तर हात लावू नका.

खाणंपिणं

मिसळीचा विषय निघणारच, म्हणून आधीच: दहा दिवस नाही. तर्रीचा जाळ बाजूला ठेवा, खरी भीती शेवेची आणि पापडाच्या टोकांची आहे. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट आणि मऊ: दहीभात, गार वरण-भात, केळं, नाचणीची आंबील, कपातलं आइस्क्रीम चमच्याने. भूल तीन-चार तास राहते. तोवर गरम चहा नको, ओठ भाजला तरी कळत नाही आणि गाल चावला जातो. दुसऱ्या दिवसापासून मऊ खिचडी, उपमा, दुधात कुस्करलेली पोळी. उपवासाची साबुदाण्याची खिचडी मऊ दिसते म्हणून लोक फसतात. तिच्यातलं शेंगदाण्याचं कूट नेमकं खड्ड्यात जाऊन बसतं. चिवडा, तीळ, डाळिंबाचे दाणे, बियांची द्राक्षं यांनाही तोच नियम.

मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर वाइन, बिअर काही नाही, कोर्स संपल्यावरही तीन दिवस. नाशिक वाइनचं गाव आहे, म्हणून गोळीला काही फरक पडत नाही.

पेनकिलरची पहिली गोळी भूल उतरायच्या आत, काहीतरी खाऊन. दुखायला लागल्यावर घेतली तर ती दुखण्यामागे धावत राहते. ॲसिडिटीचा जुना अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपल्या मनाने नको.

गुळण्या २४ तासांनंतरच. एक पेला कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, तोंडात घेऊन मान इकडेतिकडे कलवायची आणि पाणी गळू द्यायचं. खळखळून चूळ भरायची नाही. जेवणानंतर दर वेळी. बाकीचे दात पहिल्या दिवसापासून घासा, जखमेपाशी हलका हात ठेवा. वरची दाढ काढली असेल तर दोन आठवडे जोरात नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून. वर सायनसची पोकळी असते. व्यायाम आणि वजन उचलणं पाच दिवस बंद. रेशमी टाके सातव्या दिवशी काढायचे असतात, ते आपोआप विरघळतील या आशेवर बसू नका.

फोन कधी करायचा तेही ऐका. सलग तास-दीड तास नीट दाबूनही रक्त थांबत नाही, चौथ्या दिवशी सूज उतरायच्या ऐवजी वाढते, १०१ च्या वर ताप जातो, दुसऱ्या दिवशीही ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर आहे: लगेच. गिळायला त्रास होतोय, जिभेखाली सूज आली, श्वास अडतोय, आवाज घोगरा झालाय: मग दातांच्या दवाखान्याची वेळ विचारत बसू नका, रात्रीचे किती वाजलेत तेही बघू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.