जुन्या बिडाच्या पाइपलाइनचा 'सी' धरताना या चुका टाळा

टाकी भरलेली, पंप ठणठणीत, तरी शेवटच्या गल्लीत पाणी चढत नाही. हिशेबाचा कागद काढला की त्यावर बहुधा सी = १३० लिहिलेलं सापडतं. पाइपमधून वाहताना पाण्याचा दाब किती घटतो ते काढणाऱ्या हेझन-विल्यम्स सूत्रात पाइप आतून किती गुळगुळीत ते सी सांगतो, आणि १३० हा आकडा नव्या कोऱ्या बिडाच्या पाइपचा. पाइप गंजत गेला की सी उतरतो. १५० मिमी व्यास, १ किमी लांबी आणि सेकंदाला १० लिटर प्रवाह घ्या. सी १३० धरला तर घर्षणात २.६ मीटर (पाण्याच्या स्तंभाची उंची) दाब जातो, १०० धरला तर ४.३ आणि ८० धरला तर ६.५ मीटर. वरच्या मजल्याचा नळ कोरडा पडायला एवढा फरक पुरतो.

म्हणून वय बघून सगळ्या गावाला एकच सी लावायचा, हेही चूकच. मऊ, आम्लधर्मी पाणी बीड लवकर खातं. सिमेंटचं अस्तर असलेला डीआय (डक्टाइल आयर्न, लवचीक बीड) पाइप तेवढाच जुना असूनही आतून बरा निघू शकतो. गळती काढताना कापलेला तुकडा भंगारात जाण्याआधी त्याच्या आत बघा. गंजाचे फोड किती उंच, मोकळा व्यास किती, हे तिथेच लिहून घ्या. चहूबाजूंनी १० मिमी थर बसला की १५० चा पाइप १३० चा होतो आणि खरखरीतपणा सोडला तरी घर्षणातली दाबाची हानी दुप्पट होते.

आता इथली फसगत. सी जर मोजलेल्या दाबावरून आणि मूळ १५० मिमी व्यास धरून काढला असेल, तर थराचा परिणाम त्यात आलेलाच असतो. मग सूत्रात व्यासही १३० टाकला, तर एकच हानी दोनदा मोजली जाते.

सी काढण्यासाठी लाइनीच्या दोन टोकांना गेज (दाबमापक) लावून जी मोजणी होते, तिचंही तसंच. रात्री प्रवाह ३ लिटरवर आला की सी ८० असूनही त्याच लाइनीत हानी जेमतेम ०.७ मीटर. ज्या गेजवर एक रेघ ०.२ किलोची, म्हणजे २ मीटरची, त्यावर ती काय दिसणार? खालच्या टोकाला हायड्रंट किंवा वॉशआउट (लाइन धुऊन काढायचा व्हॉल्व्ह) उघडून प्रवाह वाढवा, मग वाचा. दोन्ही गेजच्या जागांच्या उंचीतला फरक धरायला विसरू नका, आणि गेज अदलाबदल करून एकदा परत वाचा. पाणी ठरावीक वेळ सुटत असेल, तर लाइन भरून हवा निघून जाईपर्यंत थांबा.

एवढं करूनही सी ३५-४० आला, तर आधी व्हॉल्व्हमनला गाठा. पाइपपेक्षा अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्हच जास्त संशयास्पद. मध्ये तीन-चार ठिकाणी दाब घेतला की उलगडतं: गंज असेल तर दाब लांबीभर हळूहळू उतरतो, व्हॉल्व्ह असेल तर एकाच जागी धाडकन. ही तपासणी न करता मोठा पंप बसवला, तर पंपाजवळचे जुने सांधे आधी उखडू शकतात आणि शेवटची गल्ली तशीच राहू शकते.