सॅसमधले फॉरमॅट: रकान्यात दिसतं ते आणि साठवलेलं असतं ते

सॅस हे डेटाचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर शिकायला लागलं की तारखेच्या रकान्यात कधीतरी २१९१५ असा आकडा दिसतो आणि डेटा बिघडला असं वाटतं. प्रत्यक्षात सॅस तारीख म्हणून १ जानेवारी १९६०पासूनचे दिवस मोजून ठेवतं. फॉरमॅट म्हणजे मूल्य कसं दाखवायचं त्याची सूचना. डेट फॉरमॅट ९ रुंदीने, म्हणजे ९ अक्षरांच्या जागेत, लावा, तोच आकडा १ जानेवारी २०२० दाखवेल. तारीख-वेळ एकत्र असलेल्या रकान्याला मात्र हाच फॉरमॅट लावला तर चांदण्या (*) उमटतात, कारण तिथे सेकंद साठवलेले असतात. आधी डेटपार्ट फंक्शनने तारीख वेगळी काढा.

फॉरमॅटच्या नावातलं टिंब गाळलं तर सॅस ते व्हेरिएबलचं नाव समजतं. टिंबाआधी एकूण रुंदी, नंतर दशांशस्थळं. रुंदीत स्वल्पविराम आणि वजाचं चिन्हही धरायचं: 1,234,567.89 ला १२ जागा लागतात, १० दिल्या की स्वल्पविराम गळतात. पर्सेंट फॉरमॅट स्वतःच १००ने गुणतो. आधीच २५ लिहिलेलं असेल तर २५०० टक्के दिसतील.

खरी गडबड स्वतःचे गट बनवताना होते. प्रॉक म्हणजे सॅसची तयार प्रक्रिया. स्वतःचे फॉरमॅट बनवायच्या प्रॉक फॉरमॅटमध्ये १८ ते २९ आणि ३० ते ४४ असे वयोगट लिहिले, तर २९.५ कुठेच बसत नाही आणि उघडाच छापला जातो. पहिल्या गटाची वरची हद्द ‘३०पेक्षा कमी’ अशी, म्हणजे ३०आधी < चिन्ह देऊन, लिहा. रिकाम्या नोंदींना वेगळं लेबल द्या. नाहीतर ‘अदर’ (उरलेल्या सगळ्यांचा गट) त्यांनाही गिळतो आणि न सांगितलेलं वय ‘इतर’ गटात मोजलं जातं.

फॉरमॅट लावल्याने मूळ मूल्य बदलत नाही, पण प्रॉक फ्रीक (वारंवारतेचे तक्ते) आणि प्रॉक मीन्सचा (सरासरी वगैरे) क्लास गट पाडतात ते दिसणाऱ्या लेबलांवरून. प्रॉक सॉर्ट (क्रम लावणं) आणि व्हेअर (नोंदी गाळायची अट) मूळ मूल्य बघतात. म्हणून व्हेअरमध्ये अंकी व्हेरिएबलपुढे लेबल लिहिलं की एरर येते. तिथे मूल्याचं लेबल काढून देणारं पुट फंक्शन वापरा. बेरजेचंही तसंच: २.४ आणि २.४ दशांशाशिवाय दाखवले तर तक्त्यात २ अधिक २ बरोबर ५ दिसतं, कारण खरी बेरीज ४.८ असते. वाचणाऱ्याला ते खटकणारच, तेव्हा एक दशांश ठेवलेला बरा.

डेटा स्टेपमध्ये, म्हणजे डेटासेट तयार करणाऱ्या कोडमध्ये, दिलेला फॉरमॅट डेटासेटला कायमचा चिकटतो, प्रॉकमध्ये दिलेला तेवढ्यापुरता. पण स्वतः बनवलेल्या फॉरमॅटची व्याख्या वर्क या तात्पुरत्या लायब्ररीत असेल तर सेशन संपताच पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी तोच डेटासेट उघडताना फॉरमॅट सापडत नाही अशी एरर येते. व्याख्या कायमच्या लायब्ररीत ठेवा आणि फॉरमॅट कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या एफएमटीसर्च ऑप्शनमध्ये त्या लायब्ररीचं नाव द्या. घाईत नुसता डेटा बघायचा असेल तर नोएफएमटीएरर हा ऑप्शन लावा, मूळ आकडे दिसतील.