जुने कृष्णधवल फोटो दुरुस्त करताना: ब्रशच्या आधीचं काम

फोटो हाती आला की नवशिका थेट ओरखडे पुसायला बसतो. खरं तर बरीचशी दुरुस्ती स्कॅन करताना आणि चॅनल (रंगीत स्कॅनमधला लाल, हिरवा किंवा निळा भाग) निवडतानाच होऊन जाते, आणि तिथे केलेली घाई पुढे कितीही ब्रश फिरवला तरी भरून निघत नाही.

फोटोवरची धूळ मऊ ब्रशने किंवा हवेच्या फुग्याने उडवा. पाणी, स्पिरिट काहीही लावू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, नाहीतर चित्र असलेला जिलेटिनचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट स्कॅन करा. फाटलेले तुकडे चिकटपट्टीने जोडू नका. सगळे एकाच दिशेने ठेवून स्कॅन करा आणि नंतर वेगवेगळ्या लेयरवर (फोटो-प्रोग्रॅममध्ये एकावर एक ठेवलेल्या थरांवर) जुळवा. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो. एखादा तुकडा उलटा ठेवलात तर त्याच्या कागदाच्या पोताची सावली उलट पडते आणि सांधा कधीच लपत नाही.

पोस्टकार्डाएवढ्या फोटोला 600 डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), त्याहून लहान असेल तर 1200. तीन बाय चार इंचाचा फोटो 1200 वर 3600 बाय 4800 पिक्सेलचा होतो. 16 बिट रंगीत टिफ फाइल सुमारे 100 एमबी भरते, पण फिकट फोटोचा कॉन्ट्रास्ट ताणताना 8 बिटमधल्या 256 छटा तुटून पट्टे उमटतात, म्हणून हा आकार सोसावा. स्कॅनरचं शार्पनिंग आणि धूळ काढण्याची सोय बंद ठेवा. ती डोळ्यातली चमकही धूळ समजून पुसू शकते.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच हवा. यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण या कामातली सगळ्यात मोठी बचत इथेच आहे. पिवळा-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून निळ्या चॅनलमध्ये तो काळपट दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. निळ्या शाईचं उलट: ती लाल चॅनलमध्ये ठळक, निळ्यात फिकी. फोटोशॉपमध्ये चॅनल एकेक करून पाहता येतात, गिम्पमध्ये ‘डिकम्पोज’ वापरा. मात्र उडून पिवळट झालेल्या चेहऱ्याचा तपशील बहुधा निळ्या चॅनलमध्येच जास्त शिल्लक असतो. अशा वेळी दोन्ही चॅनल दोन लेयरवर घ्या आणि मास्क (लेयरचा हवा तेवढाच भाग दाखवणारं झाकण) लावून डागापुरता लाल, चेहऱ्यापुरता निळा ठेवा. दोन्हींचा उजळपणा कर्व्ह्‌जने आधी जुळवला नाही, तर मास्कची कड उठून दिसते.

आता ब्रश. मूळ लेयरला हात न लावता वर रिकामा लेयर घ्या आणि नमुना (ब्रश जिथून रंग आणि पोत उचलतो तो भाग) ‘चालू आणि खालचा’ लेयर असा ठेवा. झूम 100 टक्के, ब्रश ओरखड्यापेक्षा किंचित रुंद. लांब फराटा मारू नका, छोटे ठिपके द्या आणि नमुन्याची जागा सतत बदला, नाहीतर एकच खूण ओळीने उमटत जाते. सपाट पार्श्वभूमीला हीलिंग ब्रश (नमुना आजूबाजूच्या छटेत मिसळणारा) उत्तम, पण खांदा आणि भिंत मिळतात तिथे तो शेजारचा काळा रंग ओढून चिखल करतो. घडीची रेघ अशी कड ओलांडत असेल तर आधी कडेचा तेवढा भाग क्लोन स्टॅम्पने (नमुना जसाच्या तसा उमटवणाऱ्या साधनाने) बांधा, मग दोन्ही बाजूंना हीलिंग करा.

चेहऱ्याबाबत फार जपा. गेलेला डोळा दुसऱ्या डोळ्याची उलटी प्रत लावून भरला की प्रकाशाची चमक चुकीच्या बाजूला येते, आणि कोणाचेही दोन डोळे तंतोतंत सारखे नसतात. त्याच माणसाचा दुसरा फोटो मिळतो का ते आधी विचारा. एका बटणात चेहरा लख्ख करणारी एआय साधनं नसलेला तपशील अंदाजाने घालतात. चेहरा सुंदर दिसतो, पण घरच्यांना तो ओळखीचा वाटत नाही. न सापडलेला तपशील पुसटच राहू द्यावा, हे आमचं ठाम मत आहे.

दुरुस्त केलेली जागा गुळगुळीत दिसली तर तेवढ्यावरच एकरंगी नॉइज (बारीक दाणे) घाला. साधारण 2 ते 4 टक्के पुरतो, पण शेजारच्या दाण्याशी ताडून पाहा. शार्पनिंग अगदी शेवटी, छपाईचा आकार ठरल्यावर, आणि तेही प्रतीवर. लेयरसकट टिफ वेगळी जपा आणि मूळ स्कॅन न बदलता दुसऱ्या डिस्कवर ठेवा.