स्टेफनी मॅकमॅहन यांची कारकीर्द कशी लिहावी: पडद्यावरची ‘ती’ आणि कार्यालयातल्या ‘त्या’

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या सर्वांत मोठ्या कंपनीत, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये, स्टेफनी मॅकमॅहन यांनी १९९८ ते २०२३ या काळात एकाच नावाने दोन कामे केली. दूरचित्रवाणीवर त्यांनी मालकाच्या सत्तालोभी मुलीची भूमिका केली आणि त्याच कंपनीच्या कार्यालयात खऱ्या जबाबदाऱ्याही सांभाळल्या. दोन्हीकडे नाव तेच, वडील तेच आणि कालांतराने पतीही तेच. त्यामुळे त्यांच्यावर परिचयलेख किंवा कोशातील नोंद लिहायला बसणाऱ्याला माहितीची उणीव कधीच भासत नाही. अडचण असते ती या माहितीतून प्रत्यक्ष घडलेले आणि घडवून दाखवलेले वेगळे काढण्याची.

या कामासाठी मराठीत एक उत्तम साधन आयतेच हाताशी आहे आणि माझ्या मते ते वापरायलाच हवे. प्रत्यक्ष व्यक्तीसाठी आदरार्थी ‘त्या’ वापरावे आणि पडद्यावरच्या पात्रासाठी एकेरी ‘ती’ वापरावे. ‘तिने वडिलांचा सूड घेतला’ असे वाचले की ही कथेतली गोष्ट आहे हे वाचकाला कळते, आणि ‘त्यांनी विक्री विभागात नोकरी धरली’ असे वाचले की ती खरी गोष्ट आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. हा संकेत लेखाच्या सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकावा आणि मग तो शेवटपर्यंत पाळावा. याच कारणाने लढतींविषयी लिहिताना क्रियापदे जपून निवडावीत. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, म्हणून ‘तिने विजेतेपद जिंकले’ यापेक्षा ‘विजेतेपद तिच्याकडे देण्यात आले’ हे अधिक नेमके होते. मात्र या प्रकाराला ‘खोटी कुस्ती’ म्हणू नये. निकाल ठरलेला असला तरी पाठीवर पडणे खरेच असते आणि दुखापतीही खऱ्याच होतात.

आडनावाच्या लेखनाबद्दलही आधीच निर्णय घ्यावा. उच्चार ‘मॅकमॅन’च्या जवळ जाणारा आहे, पण लिखाणात ‘मॅकमॅहन’ रूढ होत असल्याने मी तेच ठेवतो. कोणतेही एक रूप चालेल, फक्त ते अख्ख्या लेखात सारखे असावे. कंपनीच्या नावाचेही तसेच आहे. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाबरोबरच्या वादानंतर मे २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचे डब्ल्यूडब्ल्यूई झाले, म्हणून त्याआधीच्या घटना जुन्या नावानेच लिहाव्यात.

लिहायला घेण्यापूर्वी एका कागदावर उभी रेघ ओढावी. डावीकडे पडद्यावरच्या घटना तारखेसह मांडाव्यात आणि उजवीकडे कार्यालयातल्या व खासगी आयुष्यातल्या. उजवा रकाना आधी भरावा, कारण तो लहान असतो आणि त्याच्यावरच डावा रकाना तोलता येतो. त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १९७६ रोजी कनेटिकटमधील हार्टफर्ड येथे झाला. पणजोबा जेस मॅकमॅहन मुष्टियुद्धाच्या लढती भरवत, आजोबा व्हिन्सेंट जे. मॅकमॅहन यांनी ईशान्य अमेरिकेत कुस्तीचा व्यवसाय उभा केला आणि १९८२ मध्ये वडील व्हिन्स यांनी तो विकत घेतला. स्टेफनी यांनी लहानपणी कंपनीच्या टी-शर्ट आणि टोप्यांच्या कॅटलॉगसाठी छायाचित्रे काढून घेतली होती. १९९८ मध्ये बॉस्टन विद्यापीठातून संज्ञापनाची पदवी घेऊन त्या कंपनीच्या न्यूयॉर्कमधील विक्री कार्यालयात रुजू झाल्या. एवढे एका परिच्छेदात आटोपावे. घराण्याची कथा रंजक असली तरी ती लांबली की लेख व्हिन्स यांचा होऊन बसतो.

डावा रकाना १९९९ पासून झपाट्याने भरू लागतो आणि तिथे थांबून बारकाईने पाहणे गरजेचे आहे. त्या वर्षी ती प्रथम निरागस मुलगी म्हणून पडद्यावर आली. एप्रिलमध्ये अंडरटेकर या मल्लाच्या टोळीने तिचे अपहरण केले आणि ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमाच्या २६ एप्रिलच्या भागात तिचे त्याच्याशी जबरदस्तीने लग्न लावले जात असताना स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन या मल्लाने तिची सुटका केली. जूनमध्ये उघड झाले की या कटाचा सूत्रधार खुद्द तिचे वडीलच होते. नोव्हेंबरच्या अखेरीस टेस्ट या मल्लाशी तिचा विवाह होत असताना ट्रिपल एच या दुसऱ्या मल्लाने एक चित्रफीत दाखवली. बेशुद्ध स्टेफनीला मोटारीत बसवून त्याने लास व्हेगासमध्ये गाडीतूनच लग्न उरकले होते. १२ डिसेंबरला ‘आर्मगेडन’ या मोठ्या कार्यक्रमात वडील ट्रिपल एचविरुद्ध लढले, ते जिंकले असते तर हे लग्न रद्द होणार होते. ते हरले आणि तिने हसत ट्रिपल एचला मिठी मारली. एप्रिलमधल्या अपहरणाची ही परतफेड होती. इथे नुसती घटनांची जंत्री देऊ नये. निरागस मुलगी ते खलनायिका हा आठ महिन्यांचा प्रवास कशामुळे पटला, तर सूडाचे कारण कथेत आधीच पेरलेले होते म्हणून, हे वाचकाला दिसले पाहिजे. पुढची वीस वर्षे तिने जी सत्ताधारी खलनायिका रंगवली तिचा पाया याच मिठीत आहे.

तारखांची एक अडचण इथेच भेटते. महिलांचे विजेतेपद जॅकलिन या मल्लाकडून तिच्याकडे आले ते ‘स्मॅकडाऊन’ या दुसऱ्या साप्ताहिक कार्यक्रमाच्या भागात. त्या काळात तो कार्यक्रम मंगळवारी चित्रित होई आणि गुरुवारी प्रक्षेपित होई. चित्रीकरण २८ मार्च २००० रोजी झाले आणि प्रक्षेपण ३० मार्चला. २१ ऑगस्टला ते विजेतेपद लिटा या मल्लाकडे गेले. चित्रीकरणापासून मोजले तर कालावधी १४६ दिवसांचा होतो, प्रक्षेपणापासून मोजले तर १४४ दिवसांचा. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले म्हणजे एक चुकीचा असतोच असे नाही. आपण कोणती तारीख धरली ते लिहावे, म्हणजे झाले.

खरे आणि रचलेले एकमेकांत किती गुंतते याचा सर्वांत चांगला नमुना दोन विवाहांत मिळतो. पडद्यावरचे लग्न १९९९ चे आणि तो संसार पडद्यावरच २००२ मध्ये मोडला. प्रत्यक्षात त्यांनी ट्रिपल एच म्हणजेच पॉल लेव्हेक यांच्याशी २५ ऑक्टोबर २००३ रोजी विवाह केला. त्याच्या सहाच दिवस आधी, १९ ऑक्टोबरला, ‘नो मर्सी’ या कार्यक्रमात ती वडिलांविरुद्ध लढली होती. अट अशी होती की ती हरली तर तिने ‘स्मॅकडाऊन’चे व्यवस्थापकपद सोडायचे. व्हिन्स यांनी लोखंडी नळी तिच्या गळ्यावर दाबून धरली, आणि रिंगणाबाहेर उभ्या असलेल्या आई लिंडा यांनी टॉवेल आत फेकून हार पत्करली. म्हणजे डाव्या रकान्यात बापाने मुलीला पदावरून हाकलले आणि आठवडाही उलटण्याआत उजव्या रकान्यात घरचे लग्न झाले. हे दोन प्रसंग एकाच वाक्यात, पण ‘तिने’ आणि ‘त्यांनी’ असे वेगळे करून लिहून पाहावे. ते वाक्य नीट साधले तर संकेत हाती बसला असे समजायला हरकत नाही.

व्यवसायाच्या घटनांनाही कथेचा मुलामा दिला जातो. मार्च २००१ मध्ये कंपनीने डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कुस्ती कंपनी खरोखर विकत घेतली, पण पडद्यावर ती भाऊ शेनने वडिलांच्या नाकावर टिच्चून घेतल्याचे दाखवले गेले. त्यानंतर काही महिन्यांनी स्टेफनी ईसीडब्ल्यू या आणखी एका कुस्ती कंपनीची मालकीण म्हणून अवतरली. ही मालकी फक्त कथेत होती. ‘२००१ मध्ये त्यांनी ईसीडब्ल्यू विकत घेतली’ असे वाक्य लेखात गेले तर पुढच्या खऱ्या माहितीवरचाही विश्वास उडतो.

उजव्या रकान्याची पडताळणी कशी करावी, याचे उत्तर शेअर बाजारात आहे. कंपनीचे समभाग ऑक्टोबर १९९९ मध्ये बाजारात आले, आणि तेव्हापासून वार्षिक अहवाल, भागधारकांना पाठवलेली निवेदने आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुकांच्या घोषणा अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे जमा होत गेल्या. हे कागद कुणालाही विनामूल्य पाहता येतात. ‘जनरल मॅनेजर’, ‘कमिशनर’, ‘प्रिन्सिपल ओनर’ ही पदे या कागदांत सापडणार नाहीत, कारण ती पात्राची आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये मिळालेले चीफ ब्रँड ऑफिसर हे पद मात्र सापडते. त्यापूर्वी अनेक वर्षे त्या कथालेखन विभागाच्या प्रमुख होत्या, आणि हे काम लेखात ठळकपणे यायला हवे. पडद्यावर दिसत नसल्याने तेच नेहमी विसरले जाते. जी व्यक्ती खलनायिका रंगवत होती तीच इतरांच्या कथाही ठरवत होती, हे समजल्याशिवाय ही कारकीर्द उलगडत नाही.

२०१३ या वर्षासाठी दोन्ही रकाने समोरासमोर वाचावेत. ऑगस्टमध्ये ‘समरस्लॅम’ या कार्यक्रमाच्या शेवटी ट्रिपल एचने डॅनियल ब्रायन या मल्लाचे नुकतेच मिळालेले विजेतेपद हिरावण्यात रँडी ऑर्टन या मल्लाला मदत केली आणि पडद्यावर ट्रिपल एच व स्टेफनी यांच्या ‘ऑथॉरिटी’ या गटाची राजवट सुरू झाली. लहान चणीच्या, लोकप्रिय मल्लाला वर येऊ न देणारी मालकीण म्हणून प्रेक्षक तिची हुर्यो उडवू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस जाहिरातदार आणि भागीदार कंपन्यांपुढे कंपनीचा चेहरा म्हणून उभे राहण्याचे काम त्यांच्याकडे आले. २०१४ मध्ये त्यांनी पतीसह बालकर्करोगाच्या संशोधनासाठी ‘कॉनर्स क्युअर’ हा निधी सुरू केला. त्याच उन्हाळ्यात ‘समरस्लॅम’मध्ये ब्री बेला या मल्लाविरुद्धची लढत लबाडीने तिच्या पदरात टाकण्यात आली. यातली एकच बाजू घेतली तर कुणी देवता होते, कुणी राक्षसीण. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की एका अवघड नोकरीचे खरे स्वरूप दिसते.

महिला कुस्तीच्या श्रेयाविषयी लिहिताना सर्वाधिक काळजी घ्यावी. १३ जुलै २०१५ च्या ‘रॉ’मध्ये शार्लट, बेकी लिंच आणि साशा बँक्स या तरुण मल्लांना रिंगणात बोलावून तिने नव्या पर्वाची घोषणा केली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘रॉयल रंबल’ या अनेक मल्लांच्या एकत्रित लढतीच्या पहिल्या महिला आवृत्तीची घोषणाही तिच्याच तोंडी होती, आणि जुलै २०१८ मध्ये केवळ महिलांच्या ‘इव्होल्यूशन’ या कार्यक्रमाचीही. तो कार्यक्रम २८ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील युनियनडेल येथे झाला. पण घोषणा करणारी आणि बदल घडवणारी एकच, असे गृहीत धरू नये. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘रॉ’वरची महिलांची एक जोडीची लढत अवघ्या अर्ध्या मिनिटात आटोपली, तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर महिलांना संधी द्या अशी मोहीम उभी केली. त्यापूर्वीपासून एनएक्सटी या कंपनीच्याच नवोदितांच्या कार्यक्रमात तरुण महिला मल्ल मुख्य कार्यक्रमापेक्षा लांब आणि कसदार लढती देत होत्या. ऑगस्ट २०१५ मधील बेली आणि साशा बँक्स यांची ब्रुकलिनमधील लढत पाहिली तर तिथे घामाने उभे राहिलेले श्रेय कुणाचे, हे सांगावे लागत नाही. वरिष्ठ अधिकारी म्हणून त्यांनी या बदलाला पाठबळ दिले, त्याचा जाहीर पुरस्कार केला, हे आवर्जून लिहावे. ज्यांनी तो रिंगणात घडवला त्यांची नावे मात्र आधी यावीत. याच परिच्छेदात हेही यावे की एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दाह येथे झालेल्या कंपनीच्या भव्य कार्यक्रमात एकही महिला लढली नाही, आणि त्या देशात महिलांची पहिली लढत ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी रियाधमध्ये झाली. एप्रिल २०१९ मध्ये ‘रेसलमेनिया’ या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमाची शेवटची, मानाची लढत प्रथमच महिलांची झाली, तीही हीच कंपनी होती.

काही प्रसंग कोणत्याच रकान्यात बसत नाहीत, आणि त्यांच्यासाठी मधल्या रेघेवरच जागा करावी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर दोनच दिवसांनी, १३ सप्टेंबर २००१ च्या ‘स्मॅकडाऊन’मध्ये मल्ल आणि इतर मंडळी पात्राबाहेर येऊन बोलली, तेव्हा स्टेफनी यांनी त्या हल्ल्याची तुलना नव्वदच्या दशकात वडिलांवर चाललेल्या खटल्याशी केली. त्यावर झालेली टीका योग्यच होती. हे शब्द पात्राच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, म्हणून इथे ‘त्या’च लिहावे.

दुसरा असा प्रसंग २२ जुलै २०२२ चा. मे महिन्यात त्यांनी कुटुंबासाठी रजा जाहीर केली होती. पण व्हिन्स यांच्यावरील आरोपांची संचालक मंडळाकडून चौकशी सुरू झाल्याने १७ जूनला स्टेफनी यांना हंगामी अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून परतावे लागले. २२ जुलैला व्हिन्स यांनी निवृत्ती जाहीर केली आणि त्याच रात्री बॉस्टनमधील ‘स्मॅकडाऊन’च्या सुरुवातीला त्या रिंगणात आल्या. वर्षानुवर्षे त्याच संगीतावर हुर्यो झेलत येणारे पात्र त्या रात्री नव्हते. मुलीने वडिलांचे आभार मानले आणि प्रेक्षकांनाही मानायला लावले. त्यानंतर अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिले आणि मुख्य कार्यकारी पद त्यांच्यासह निक खान या सहकारी अधिकाऱ्यांकडे विभागून आले.

शेवटच्या टप्प्यासाठी मतदानाच्या हक्काची रचना समजावून द्यावी, नाहीतर पुढचे काहीच कळत नाही. मॅकमॅहन कुटुंबाकडील ‘ब’ वर्गाच्या प्रत्येक समभागाला दहा मते होती, आणि त्यातील बहुसंख्य समभाग व्हिन्स यांच्याकडे होते. त्या बळावर जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी स्वतःला संचालक मंडळावर परत आणले. १० जानेवारीला स्टेफनी यांनी राजीनामा दिला आणि व्हिन्स कार्यकारी अध्यक्ष झाले. सप्टेंबरमध्ये कंपनी मिश्र युद्धकलांच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीसह टीकेओ या नव्या समूहात विलीन झाली. लेखात ‘राजीनामा’ हा शब्द २००३ साठीही येतो आणि २०२३ साठीही. पहिल्याला ‘तिचा’ आणि दुसऱ्याला ‘त्यांचा’ म्हणावे. दुसऱ्याची कारणे आपल्या मनाने रचू नयेत, त्यांनी जाहीर केले तेवढेच लिहावे.

लेखाचा शेवट राजीनाम्यावर करू नये. ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फियात ‘रेसलमेनिया’च्या दुसऱ्या रात्रीची सुरुवात स्टेफनी यांनी केली आणि पॉल लेव्हेक यांचे पर्व सुरू झाल्याचे सांगत प्रेक्षकांचे स्वागत केले. कंपनीत त्यांच्याकडे तेव्हा कोणतेही कार्यकारी पद नव्हते. ही नोंद मधल्या रेघेवरच करावी.