टॉय ब्रीडचं अगदी छोटं पिल्लू घरी आलंय? आधी पोट, ऊब आणि वजन सांभाळा

पॉमेरेनियन, चिहुआहुआ, यॉर्की, माल्टीज, शित्झू असलं छोट्या जातीचं पिल्लू घरी आलं की बरेच जण त्याला मोठ्या कुत्र्याच्या पिल्लासारखंच सांभाळायला जातात, फक्त वाटी लहान घेतात. तिथेच गडबड होते. अर्धा-पाऊण किलोच्या या जिवाच्या अंगात साठा असा काही नसतोच. लिव्हरमध्ये साखर जेमतेम साठते, स्नायू कमी, चरबी जवळपास नाहीच, आणि अंगातली उष्णता मात्र भराभर बाहेर जाते. लॅब्रॉडोरच्या पिल्लाचं एखादं जेवण चुकलं तर ते थोडं कुरकुरतं आणि परत खेळायला लागतं, हे पिल्लू तेवढ्यात लुळं पडू शकतं. म्हणून पहिले काही आठवडे पोटात काय गेलं, अंग गरम आहे ना आणि वजन वाढतंय ना, एवढंच बघा, बैस-ऊठ शिकवायला पुढे भरपूर वेळ आहे.

सगळ्यात आधी वयाची खात्री करा. पिल्लू आईजवळ किमान ८ आठवडे राहायलाच हवं, आणि अगदी चिमुकल्या जातींमध्ये १०-१२ आठवडे राहिलं तर अजून चांगलं. देणारा माणूस सांगतो त्यावर विसंबू नका, तोंड उघडून बघा. डोळे साधारण १०-१४ दिवसांनी उघडतात, दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून दिसायला लागतात, चौथ्या आठवड्यात चाल जरा सुधारते. दातच नसतील आणि चालताना पोट जमिनीला घासत असेल तर ते पिल्लू महिन्याच्या आतलं आहे, त्याला सरळ आईकडे परत नेता येत असेल तर न्या, माझं मत विचाराल तर यात भिडस्तपणा अजिबात करू नये.

आता खाणं. ८ ते १२ आठवड्यांच्या छोट्या पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यायचं, आणि एक किलोच्या आतलं असेल तर दर तीन-चार तासांनी, म्हणजे रात्री झोपण्याच्या अगदी आधी एकदा आणि पहाटे उठून परत एकदा, सुरुवातीचे दिवस मध्यरात्री पण गजर लावा. फूड पपीचंच आणि छोट्या जातीसाठीचंच घ्या कारण त्याचे दाणे बारीक असतात आणि थोड्याशा खाण्यात जास्त ऊर्जा मिळते. ते कोमट पाण्यात भिजवून मऊ करून दिलं की वास सुटतो आणि पिल्लू पटकन खातं. आधीच्या घरी जे खात होतं तेच पहिले काही दिवस चालू ठेवा, बदलायचंच असेल तर ७-१० दिवसांत हळूहळू मिसळत बदला. नवीन घर, नवीन वास, आई नाही, भावंडं नाहीत, या ताणाने पिल्लू खाणं कमी करतं, त्यात फूडही एकदम बदललं तर जुलाब सुरू होतात. गाईचं दूध नको, त्यातल्या लॅक्टोजने पोट बिघडतं.

आणि आता ती गोष्ट जी घरातल्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवी, म्हणजे शुगर लो होणं, रक्तातली साखर एकदम कमी पडणं. पिल्लू अचानक सुस्त होतं, मान टाकतं, चालताना झोकांड्या जातात, थरथरतं, नजर हरवल्यासारखी होते, हिरड्या फिक्या पडतात, पुढे झटके येऊन बेशुद्ध पडतं. थकून झोपलेलं पिल्लू हाक मारल्यावर, खाऊचा वास दिल्यावर उठतं, हे उठत नाही, किंवा उठलं तरी पाय सावरत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. अशा वेळी मध किंवा पाण्यात घट्ट कालवलेली ग्लुकोज पावडर बोटावर घेऊन हिरड्यांवर आणि गालाच्या आतून चोळायची. तोंडात ओतायचं मुळीच नाही, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं आणि दुसरंच संकट उभं राहतं. झटका चालू असताना दातांमध्ये बोट अडकणार नाही हे बघा, ओठाच्या आतल्या कडेला लावलं तरी चालतं. मग पिल्लाला कपड्यात गुंडाळून गरम ठेवायचं आणि तसंच व्हेटकडे निघायचं. काही मिनिटांत सावरलं, गिळायला लागलं तर थोडं खायला द्या, पण तरी व्हेटला त्याच दिवशी दाखवाच, कारण शुगर नुसत्या उपाशीपणाने पडते असं नाही, जंत, जुलाब, इन्फेक्शन, थंडी, न थांबता खेळणं, यातलं काहीही मागे असू शकतं. मधाची किंवा ग्लुकोजची छोटी बाटली पिल्लाच्या जागेजवळच ठेवा आणि ती तिथे आहे हे सगळ्यांना सांगून ठेवा.

ऊब देताना एक चूक खूप जण करतात, सगळं बेडिंगच गरम करून टाकतात. अर्ध्या भागात कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा आणि अर्धा भाग मोकळा सोडा, म्हणजे उकडलं तर ते स्वतः सरकेल. फॅन किंवा एसीचा झोत थेट अंगावर नको, फरशीवर झोपवू नका. अंघोळीची घाई करू नका, घाण लागली तर ओल्या कोमट कपड्याने तेवढीच जागा पुसून लगेच कोरडी करा.

काही कारणाने आई नसलेलं अगदी नवजात पिल्लूच हातात आलं असेल तर पहिल्याच दिवशी व्हेट गाठा, घरचा भाग एवढा. पहिल्या आठवड्यात त्याच्या जागेचं तापमान २९ ते ३२ अंश सेल्सिअस हवं, कारण त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला कधीही दूध पाजू नका, आधी हळूहळू गरम करा, गार अंगात पचन थांबलेलं असतं. दूध म्हणजे पिल्लांसाठीचं मिल्क रिप्लेसरच (आईच्या दुधाऐवजी द्यायचं तयार दूध), दर दोन-तीन तासांनी, पिल्लाला पालथं ठेवून डोकं किंचित वर, माणसाच्या बाळासारखं उताणं अजिबात नाही. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने शी-सूची जागा हलके पुसायची, साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्याला ते स्वतः जमत नाही, एरवी आई चाटून करवते.

वजनासाठी ग्रॅम दाखवणारा किचनचा काटा घ्या आणि रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. नवजात पिल्लाचं वजन पहिल्या ७-१० दिवसांत जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. मोठ्या पिल्लाचंही दोन दिवस वजन हललं नाही किंवा उतरलं तर ते अजून उड्या मारतंय म्हणून वाट बघत बसू नका. उलटी आणि जुलाबाचंही तसंच, मोठ्या कुत्र्याला एक दिवस उपाशी ठेवून बघतात तो उपाय इथे करायचा नाही, इथे काही तासांतच पाणी कमी पडतं.

जंताचं औषध साधारण दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी देतात, डोस वजनावर ठरतो म्हणून अंदाजाने देऊ नका. लसी ६-८ आठवड्यांपासून सुरू होऊन २-४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची त्यातच पुढे येते. तोवर इतर कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका, पार्व्होचा (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका, ३ ते १४ आठवडे हा जग ओळखण्याचा काळ असतो, कडेवर घेऊन माणसं, गाड्यांचे आवाज, मिक्सर, बेल सगळं दाखवा.

हाडांबद्दल मात्र जरा कडक व्हा. या जातींचे पुढचे पाय इतके बारीक असतात की सोफ्यावरून किंवा हातातून पडलं तरी मोडतात. लहान मुलांनी पिल्लू उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं आणि पिल्लाला मांडीवर येऊ द्यायचं. पाहुणे हातोहात फिरवायला लागले तर सरळ नाही म्हणा, वाईट वाटलं तरी चालेल. गळ्यात पट्टा नको, हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घ्या, श्वासनळी नाजूक असते. चिहुआहुआच्या टाळूला कधीकधी मऊ जागा असते, तिथे दाब पडू देऊ नका.

शी-सूचं सोपं आहे, उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर ठरलेल्या जागी न्या, केलं की लगेच कौतुक, ओरडायचं नाही. दिवसाचे १८-२० तास झोपतं ते नॉर्मल आहे, खाण्याची वेळ सोडून झोपेतून उठवू नका. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेली च्युइंगम आणि माणसांची पेनकिलर त्याच्या आसपासही नकोत, एवढ्याशा अंगाला थोडंसंही भारी पडतं.

चौथ्या महिन्यापासून दात बदलायला लागतील तेव्हा आठवड्यातून एकदा तोंड बघत जा, छोट्या जातींत दुधाचा दात न पडताच शेजारी नवा दात येतो आणि दोन्हींच्या मध्ये अन्न अडकून कुजतं. सहा महिन्यांनंतरही असा जोडदात दिसला तर व्हेटला काढायला सांगा, नसबंदी करायचीच असेल तर त्याच भुलीत तेही होऊन जातं.