वायहेकीला दोघंच जाताय? मग निम्मी यादी आधी खोडा

ऑकलंडला नवीन आलेल्या मराठी जोडप्याला कोणीतरी सांगतंच, "वायहेकीला जाऊन या." न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळचं हे वायनऱ्यांचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्या बागांचं बेट. मग दोघं शनिवारी अकराच्या बोटीने जातात, चार वायनरी उरकतात, बसच्या मागे धावतात आणि संध्याकाळी डोकं धरून परततात. एवढी दगदगच करायची तर ऑफिस काय वाईट होतं? मी मूळची नाशिकची, द्राक्षबागा बघतच वाढले, त्यामुळे या बेटावर माझा जीव जरा जास्तच आहे. नवरा शाकाहारी आणि वाइनही जेमतेम अर्धा ग्लास घेणारा. तरी दोघांनाही तिथे पुन्हा जावंसं वाटतं, कारण आम्ही दिवसाला दोनच वायनरी करतो आणि दुपारचं जेवण एकच, पण दोन तासांचं.

आधी वेळ ठरवा. डिसेंबर-जानेवारीत ऊन, समुद्र सगळं छान असतं, पण अख्खं ऑकलंड तिथेच असतं. माझं मत मार्चला. पाणी अजून पोहण्याइतपत कोमट असतं, शाळा सुरू झालेल्या असतात आणि द्राक्षं वेलीवर असतात. तोडणी मार्च-एप्रिलमध्ये होते. त्याआधी पक्ष्यांपासून वाचवायला रांगाच्या रांगा पांढऱ्या जाळीखाली झाकलेल्या दिसतात. जून ते ऑगस्ट पाऊस, आणि काही जागा सोमवार-मंगळवारी बंदच. सार्वजनिक सुट्टीला जाऊ नका. गर्दी तर असतेच, वर कॅफे आणि रेस्टॉरंट बिलावर 15 टक्क्यांच्या आसपास सरचार्ज लावतात.

गाडी नेऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. गाडीची बोट वेगळी, ती केनेडी पॉइंटला लागते, महाग पडते आणि तिकीट आधी काढावं लागतं. मुख्य म्हणजे दोघांपैकी एकाला दिवसभर कोरडं राहावं लागतं. डिसेंबर 2014 पासून न्यूझीलंडमध्ये वीस वर्षांवरच्या चालकासाठी दारूची मर्यादा एक लिटर श्वासात 250 मायक्रोग्रॅम आहे, आणि विशीच्या आतल्याला शून्य. हिशेब सोपा आहे. 13 टक्क्यांच्या वाइनचे 100 मिली म्हणजे इथलं एक 'स्टँडर्ड ड्रिंक'. चाखायला 30 मिलीचे पाच घोट घेतले की दीड ड्रिंक तिथेच झालं. शरीराला एक ड्रिंक निपटायला साधारण तास लागतो. दोन वायनरी आणि जेवणाबरोबर एक ग्लास झाल्यावर स्टिअरिंगला हात लावायचाच नाही.

तेव्हा ऑकलंडच्या डाउनटाउन धक्क्यावरून माणसांची बोट घ्या. चाळीस मिनिटांत बेटावरच्या माटियाटिया धक्क्यावर उतरता. डाव्या बाजूला बसा, असं कोणी सांगेल, पण खरी मजा वरच्या उघड्या डेकवर. रांगीटोटोचा ज्वालामुखी बाजूने जातो तेव्हा वारा इतका असतो की ओढणी हातात धरावी लागते. सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचा हा उद्रेक, म्हणून त्याच्या उतारावर झाडीमधून अजून जागोजागी काळा दगड दिसतो. धक्क्यावर बूट साफ करायची जागा दिसली तर कंटाळा न करता तळवे घासून घ्या. मातीतून पसरणारा रोग कौरी वृक्षांना मारतो, त्यासाठी ती काळजी.

शुक्रवारी संध्याकाळीच निघा. ही एक गोष्ट जमली की अर्धा आराम हातात आला. शनिवारी सकाळच्या बोटीतून वाढदिवसाचे आणि लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके उतरतात तेव्हा तुम्ही आधीच चहा घेत बसलेले असता. राहायला ओनेटांगीच्या किनाऱ्याजवळ घर बघा. लांबलचक पांढरी वाळू आहे आणि वायनऱ्यांचा मोठा घोळकाही त्याच बाजूला आहे. माटियाटियाहून बस ओनेरोआ, ओस्टेंड करत तिथपर्यंत जाते. हॉप कार्डात, म्हणजे बस-बोटीच्या प्रवासकार्डात, पैसे भरून ठेवा. पहिल्या रात्री स्वयंपाकाच्या भानगडीत पडू नका. हंगामात लिटल ओनेरोआच्या किनाऱ्यावर लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा मिळतो, शाकाहारीही. तो वाळूत बसून खायचा. कडेला पोहुतुकावाची झाडं आहेत, अंधार पडेपर्यंत तिथेच.

घराबद्दल एक सूचना. बेटावर बहुतेक घरांना सार्वजनिक नळ नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठतं आणि तेच वापरायचं. उन्हाळा लांबला की पाण्याचे टँकर मागवावे लागतात, त्यांना रांग असते. हे वाचून मराठवाड्यातल्या वाचकाला हसू येईल, पण खरं आहे. आंघोळ पटकन उरका आणि भांडी घासताना नळ सोडून ठेवू नका.

शनिवारी सकाळी ओस्टेंडचा बाजार. दुपारी तो आवरतो, म्हणून साडेआठ-नऊला पोहोचा. ब्रेड, टोमॅटो, मध, एखादं चीज आणि संध्याकाळसाठी हवी ती भाजी घेऊन टाका. मग ते घरी ठेवून, नाश्ता करून, साडेअकराला चालत निघा. रिकाम्या पोटी वाइन चाखायला जाऊ नका, नाहीतर दुसऱ्या ग्लासानंतर सगळ्याच वाइन उत्तम लागतात.

ओनेटांगी रोडवर स्टोनिरिज, टे मोटू आणि टँटलस या तिन्ही बागा एकमेकींना लागून आहेत. या भागाला मी प्राधान्य देते ते यासाठीच, बसचं वेळापत्रक विसरता येतं. तिन्हींपैकी दोनच निवडा. स्टोनिरिजला 1982 मध्ये लागवड झाली, त्यांची लारोझ ही काबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षावर आधारलेली मिश्र वाइन या बेटाचं नाव जगभर घेऊन गेली. त्याहीआधी, 1978 मध्ये, गोल्डवॉटर कुटुंबाने बेटावर द्राक्षं लावली होती, तेव्हा हा सगळा माळ मेंढ्यांचा होता. टे मोटूला जुन्या सालांच्या बाटल्या चाखायला मिळतात, त्यामुळे बाटलीत वर्षं काढल्यावर रेड वाइन कशी मऊ होते ते एका बैठकीत कळतं. टँटलसला जेवण चांगलं आणि तिथेच बिअरही बनते, म्हणजे नवरा वाइनला नाक मुरडणारा असला तरी रुसत नाही.

आत जाण्याआधी बागेच्या कडेने दहा मिनिटं चाला. बांधावरूनच बघा, रांगांत शिरू नका. आपल्याकडे खायच्या द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, लांबच लांब घड लोंबत असतात आणि थॉमसनचा मणी बिनबियांचा. इथे वेल कमरेइतक्या तारेवर उभी, घड मुठीएवढा, मणी वाटाण्याएवढा, साल जाड आणि आत बिया. वाइनचा रंग आणि तोंड आवळणारा तो तुरटपणा या सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून मणी लहान असणंच बरं. आपली बाग एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी अशी दोनदा छाटली जाते. इथे थंडीत वेल झोपते आणि छाटणी एकदाच होते. चार महिने काहीच न करणारी द्राक्षवेल बघून माझ्या वडिलांना विश्वासच बसला नव्हता.

चाखताना दोघांत एकच फ्लाइट, म्हणजे वेगवेगळ्या वाइनच्या छोट्या घोटांचा संच, मागवा, कोणी वाईट मानत नाही. ग्लास दोन मागून घ्या. क्रम हलक्याकडून जडाकडे, म्हणजे आधी पांढरी, मग रोझे, मग लाल. घोट तोंडात फिरवून बादलीत थुंकायला लाजू नका, व्यावसायिक लोक तेच करतात. उग्र अत्तर लावून जाऊ नका, शेजारच्यालाही वाइनचा वास कळत नाही. इथली खासियत दोन: फ्रान्समधल्या बोर्दोच्या धर्तीची काबर्ने-मर्लो मिश्रणं आणि सिरा. सिरा म्हणजे आपल्या नाशिकचा शिराझच, फक्त इथल्या थंड हवेमुळे काळ्या मिरीचा वास जास्त येतो. बागा लहान आणि मजुरी महाग, म्हणून बाटलीही महाग. पन्नास डॉलरच्या वरच्या किमती बघून दचकू नका. काही ठिकाणी बाटली घेतली तर चाखण्याचे पैसे वळते करून देतात, आधी विचारा. न आवडलेली बाटली भिडेखातर घेऊ नका.

जेवणाचं टेबल दीडचं ठेवा आणि डिसेंबर ते मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आधी बुक करा. थोडं पुढे ब्राउन रोडवर कासिटा मिरो आहे. तिथे स्पॅनिश पद्धतीच्या छोट्या छोट्या बशा येतात आणि वरच्या टेकाडावर रंगीत फरशांच्या तुकड्यांची भिंत आहे. दोघांसाठी मला ही पद्धत आवडते. एकाने मांसाहारी मागवलं, दुसऱ्याने शाकाहारी, तरी पाव आणि ऑलिव्ह मध्येच. बेटावर ऑलिव्हची तेलंही उत्तम मिळतात. रांगिहुआ इस्टेटचं तेल याच बेटावरचं. ताज्या तेलाने घसा खवखवतो तो दोष नव्हे, गुण. शिंपले आवडत असतील तर टे माटुकूच्या खाडीतली ऑयस्टर मागवा, सोबत गार शार्डोने, ही पांढरी वाइन. ही शेतीतली असतात. खडकावरून स्वतः काढायच्या फंदात मात्र पडू नका. साठे घटल्यामुळे 2021 मध्ये तिथल्या न्गाती पाओआ या माओरी जमातीने बेटाभोवती काही शिंपले, पाउआ (मोठी समुद्री गोगलगाय) आणि क्रेफिश काढायला मनाई घातली, पाठोपाठ सरकारनेही बंदी आणली.

मॅन ओ' वॉर या वायनरीला जावं का, हे विचारणारे बरेच असतात. किनाऱ्यावरच वाइन चाखायला मिळते, देखावाही सुंदर. पण ती बेटाच्या पार पूर्व टोकाला आहे, खडीचा रस्ता, बस नाही. दोन दिवसांत तो अर्धा दिवस खातो. पुढच्या वेळेसाठी ठेवा.

संध्याकाळी घरीच काहीतरी करा. आम्ही बाजारातल्या वांग्यांची भरली वांगी करतो आणि सोबत सिरा. दाण्याचं कूट आणि गोडा मसाला तिच्या मिरीशी जुळतात. तिखट मात्र निम्मं टाका. तुरट काबर्नेबरोबर मिरची घेतली की जीभ पेटते आणि वाइन कडू लागते. ठेचा हवाच असेल तर रोझे उघडा. बाहेर पडलात तर टॉर्च असू द्या, रस्त्यावर दिवे फारसे नसतात.

रविवारी उशिरा उठा, पोहून घ्या. ऊन ढगाळ दिवशीसुद्धा पोळतं, सनस्क्रीन दर दोन तासांनी. अकराच्या सुमाराला बॅगा उचलून बसने पश्चिमेकडे या. केबल बे आणि मडब्रिक या वायनरी मी मुद्दाम रविवारसाठी ठेवते, कारण दोन्ही माटियाटियाच्या धक्क्यापासून चालण्याच्या अंतरावर आहेत आणि शनिवारी तिथे लग्नं असतात. मडब्रिकच्या टेकडीवरून समुद्रापलीकडे ऑकलंडचा स्काय टॉवर दिसतो. रस्ता चढाचा आहे, चाकांची बॅग ओढत येणार असाल तर टॅक्सी करा. दोन्हीपैकी एकच घ्या, एक ग्लास, एक बशी.

परतीच्या बोटीला जागा राखीव नसते. रविवारी चार-पाचला धक्क्यावर लांब रांग लागते, म्हणून एक तर तीनच्या आत निघा नाहीतर जेवून रात्रीची घ्या. बाटल्या भारतात न्यायच्या असतील तर माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त नेता येतात, म्हणजे 750 मिलीच्या दोन. त्या घरच्या टॉवेलात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात ऑकलंड विमानतळावर अडवतील.